वापरलेलं चालेल

उद्यापासून चौकशीचे फोन तू घेणार, तेव्हा दोन गोष्टी आजच कानावर घालते. दार लोटून घे आणि टेबलावरचा दिवा जरा इकडे सरकव. काका स्पीकर दुरुस्तीला घेऊन गेलेत. ते परत येईपर्यंत सगळं सांगून होईल. त्यांच्यासमोर हे बोलायचं नाही, ही पहिली गोष्ट समज.

लग्नात गाणी वाजवणाऱ्याकडे येणारा फोन कधीही गाण्यांबद्दल नसतो. "तुमचं कमीत कमी किती?" हे पहिलं वाक्य. नमस्कार नाही, तारीख नाही, थेट कमीत कमी. त्यांचाही दोष नाही म्हणा. हॉलवाला, फुलवाला, फोटोवाला आधीच त्या पोरांना पिळून घेतात आणि उरलेला चोथा आपल्याकडे पाठवतात. डीजेचा नंबर नेहमी शेवटचा.

तुझे काका फोनवर बसले असते तर हा धंदा केव्हाच गुंडाळावा लागला असता. समोरची मुलगी जरा पडेल आवाजात "दादा, बघा ना काही" म्हणाली की हा माणूस विरघळलाच. अर्ध्या दरात तयार, आणि धुराचं मशीन फुकट. म्हणून फोन मी घ्यायला लागले. मी मूळचीच संशयी. तुझी आई, माझी सख्खी बहीण, म्हणते, मी दुधालासुद्धा विचारेन, तू नक्की दूधच ना? म्हणू दे. धंद्यात भोळा माणूस उपाशी मरतो, संशयी मरत नाही.

माझ्या रीती दोनच आहेत. फोन उचलला की आधी मागचा आवाज ऐकायचा. मागे रस्ता वाजतोय, टीव्ही वाजतोय, की आई शिकवतेय काय बोलायचं, त्यावरून गिऱ्हाईक कळतं. आणि दुसरी रीत अशी, की दर उतरवायचा नाही. एकदा उतरवला की गावभर तोच होतो. त्याऐवजी वरून काहीतरी द्यायचं. एखादा लाईट, अर्धा तास जास्त, वधूवरांच्या नावाची छान घोषणा. पण ते 'वरून' काय असेल हे आपण ठरवायचं. गिऱ्हाईकाला विचारायचं नाही.

ही रीत मी एकदाच मोडली.

त्या दुपारी मी इथेच बसले होते, याच खुर्चीत. वरचा पंखा तेव्हाही असाच होता. ऐक जरा… प्रत्येक फेऱ्याला कट् करतो. काकांना किती वेळा सांगितलं असेल, पण सुताराच्या घरचा पाट नेहमी मोडकाच. जगाचे आवाज नीट करणाऱ्या माणसाला घरातला पंखा ऐकू येत नाही.

फोन वाजला. मी उचलला आणि सवयीने मागचा आवाज ऐकला. मागे काहीच नव्हतं. रस्ता नाही, माणसं नाहीत. फक्त कट्… कट्…

मला वाटलं, आपलाच आवाज उलटून येतोय. कधी कधी येतो तसा. म्हणून मी उठून पंखा बंद केला. पाती थांबली. खोलीत अगदी सामसूम झाली. फोनमध्ये मात्र ते चालूच होतं.

"लग्नासाठी विचारायचं होतं…" मुलीचा आवाज होता. मऊ, दबका, कुणी झोपलेलं असताना बोलावं तसा.

"तारीख काय?"

"ज्या दिवशी तुमच्याकडे दुसऱ्या कुणाचं लग्न नसेल, ती."

"आणि वेळ?"

"दुपारची. दुपार स्वस्त पडते ना?"

पडते. ते सगळ्यांनाच माहीत असतं. मी पुढे विचारलं, लाईट? नकोत. धूर? नको. माईक? आमच्याकडे बोलणारं कुणी नाही, म्हणाली. शेवटी मी थट्टेने म्हटलं, "अहो, गाणी तरी हवीत ना?"

ती हसली नाही. "नवीन नकोत," म्हणाली, "वापरलेलं चालेल आम्हाला."

माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली, पण भुताखेताची नाही हं. चौकापलीकडे आपला स्पर्धक आहे, मी त्याला 'मोठा स्पीकर' म्हणते. तो अधूनमधून खोटी जोडपी पाठवून आपले दर काढून घेतो. मला वाटलं, ही त्यातलीच. मग मी म्हटलं, फोनवर काही ठरत नाही, दोघं समक्ष या. खोटं जोडपं समोर बसवलं की लगेच उघडं पडतं. खरी जोडपी दरावरून एकमेकांत भांडतात. ती म्हणते "लाईट हवेतच", तो म्हणतो "तुझ्या भावाला सांग द्यायला". खोटी जोडपी कधी भांडत नाहीत.

ही दोघं भांडली नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी आली. आधी जिन्यावर पावलं ऐकू आली. फटक्… फटक्… सैल बूट टाचेला आपटतो ना, तसा आवाज. मग दारातून वास आला. डांबराच्या गोळ्यांचा. वर्षानुवर्षं बंद असलेली पेटी उघडल्यावर येतो तो. आणि मग ती दोघं आत आली.

मुलगी दिसायला चांगली होती. पण अंगावरचा पोशाख दुसऱ्या कुणासाठी शिवलेला. खांदे उतरलेले, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. मुलाच्या कोटावर जुन्या बटणांच्या खुणा होत्या, नवी बटणं शेजारी लावलेली. तो बसला तेव्हा माझं लक्ष त्याच्या बुटांकडे गेलं. पायांपेक्षा चांगलेच मोठे. टाचेशी कोंबलेला कागदाचा बोळा वर आला होता. मला कणव वाटली, खोटं कशाला सांगू? म्हटलं, मोठ्या स्पीकरची माणसं असती तर निदान बरे बूट घालून आली असती.

मुलीचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ती भिंतीवरचा आमचा लग्नातला फोटो बघत होती. काका आणि मी नाचतोय तो. तो बघ, अजून तिथेच आहे.

"तेव्हा कुठलं गाणं चालू होतं?" तिने विचारलं.

"जुनं होतं काहीतरी."

"मध्येच आई हाक मारते… तेच ना?"

तुला ते गाणं माहीत आहे? नसेल, तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस. काकांनी शाळेत असताना रेडिओसमोर टेपरेकॉर्डर धरून ते कॅसेटवर घेतलं होतं. वाद्यांचंच होतं, शब्द नव्हते. ऐन रंगात आलेलं असताना स्वयंपाकघरातून त्यांच्या आईचा आवाज येतो, "सोन्या, ये रे जेवायला! गार होतंय!" आणि मागोमाग काकांचा फुटक्या आवाजातला जबाब, "दोन मिनिटं!" ते कॅसेटवर तसंच राहिलं. आमच्या लग्नात पैसे नव्हते, वाजवायला कुणी नव्हतं. काकांनी स्वतः बटण दाबलं आणि धावत येऊन माझा हात धरला. मध्ये सासूबाईंची हाक आली आणि सगळा हॉल खो खो हसला. सासूबाई पुढच्याच रांगेत होत्या, पदरात तोंड लपवून हसत होत्या.

पुढच्या वर्षी त्या गेल्या. त्यांचा आवाज तेवढाच राहिला. काकांनी त्या कॅसेटची कधी कॉपी काढली नाही, कधी कुणाच्या लग्नात वाजवली नाही. आम्ही दोघं लग्नाच्या वाढदिवसाला ऐकायचो. हाक आली की काका अजूनही "दोन मिनिटं" म्हणायचे, कॅसेटबरोबर. एवढा पोट सुटलेला माणूस, पण तेवढ्यापुरता शाळकरी व्हायचा.

मग ही परकी पोर हे कुठून बोलतेय? मला एकच उत्तर सुचलं, काकांनीच हिला ते कधीतरी चोरून ऐकवलं असणार. संशयी बाईला दुसरं कोणतं सुचणार?

तेवढ्यात काका आले, खांद्यावर वायरींची वेटोळी घेऊन. मुलीकडे बघून थबकले. "आपण भेटलोय का कुठे?"

"अजून नाही," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

तो 'अजून' मी बरोबर टिपला. मी तिच्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं. मुलाकडे मात्र नीट बघितलं नाही. हेडफोन एकाच कानाला लावायच्या सवयीने काकांची मान नेहमी डाव्या खांद्याकडे कललेली असते, तुला माहीत आहे. तो मुलगा समोर बसून आपली मान हळूहळू कलती करत होता. उजवीकडे. आरशासमोर बसून काकांची नक्कल करावी तशी. हे मला तेव्हा दिसलं होतं, पण कळलं नव्हतं.

मी दर सांगितला. तिने कमी सांगितला. मी म्हटलं, "दर तोच राहील." आणि मग, काकांच्या चेहऱ्यावर नजर रोखून, मी म्हटलं, "वरून काय देऊ? तुम्हीच सांगा."

"तुमचं गाणं," ती म्हणाली.

"छे छे," काका पटकन म्हणाले. "ते नको. दुसरं काहीही मागा."

ते पटकन म्हणणं मला खुपलं. चोराच्या मनात चांदणं, असं मला वाटलं. म्हणून मी म्हटलं, "वाजवू की! एक गाणं तर आहे."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मुलाच्या तोंडून त्या दिवसातला पहिला आणि शेवटचा शब्द आला. "दिलं?"

"दिलं," मी म्हटलं.

ती दोघं जिना उतरून गेली. फटक् फटक् ऐकू येईनासं होईपर्यंत काका वायरी गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "आईचा आवाज आहे त्यात. तो लोकांच्या लग्नात कशाला?"

"ती मुलगी कोण आहे?"

"कोणती मुलगी?" ते हसले. मग माझं तोंड बघून त्यांचं हसू मावळलं. "तुला खरंच तसं वाटतं?"

मी वही ओढली आणि दर लिहायला घेतला. माझं न बोलणं त्यांना चांगलंच समजतं.

"ठीक आहे," काका म्हणाले. "वाजवतो. तू तिथे येऊन माझ्या तोंडाकडे बघत बस, आणि काय दिसतं ते मला सांग."

तुझ्या काकांशी झालेलं ते माझं शेवटचं भांडण. त्यानंतर आमच्यात भांडण झालेलं नाही.

घसा कोरडा पडला. थांब, पाणी आणते…

हां. तर लग्नाची दुपार. हॉल म्हणजे एका जुन्या इमारतीचा वरचा मजला. खाली दुकानं होती, त्यांची शटर दुपारची ओढलेली. राखणदाराने किल्ली दिली आणि म्हणाला, "आज इथे काही आहे असं मला कुणी सांगितलं नाही." मला वाटलं, यांनी त्याचीही चिरीमिरी वाचवली. बाहेर लख्ख ऊन होतं. आत पडदे ओढलेले होते आणि एकच ट्यूबलाईट जळत होती. काका आणि मी दोघांनी मिळून सामान वर चढवलं. एकमेकांशी कामापुरतं बोलत होतो, हे धर, ते सोड.

पाहुणे आधीच येऊन बसलेले होते. तीसेक माणसं असतील. कुणी बोलत नव्हतं, कुणाचं मूल रडत नव्हतं. कुठल्याच लग्नात मी इतकी शांतता कधी ऐकलेली नाही. टेबलावर ताटल्या मांडल्या होत्या, पण खायच्या कशाचा वास नव्हता. तोच तो डांबराच्या गोळ्यांचा, पण आता इतका दाट की डोळे चुरचुरायला लागले. मी रांगेवरून नजर फिरवली. एका म्हाताऱ्याच्या कोटाच्या बाह्यांतून बोटं दिसत नव्हती. एका बाईच्या गळ्यातल्या हाराचं टोक मांडीवर आलं होतं. सगळ्यांचे कपडे चांगले होते, आणि कुणाचेच त्याच्या मापाचे नव्हते.

काकांनी नेहमीसारखी दोन-चार गाणी वाजवली. गाणं संपलं की पाहुणे टाळ्या वाजवायचे. सगळे एकदम सुरू, सगळे एकदम बंद. शिकवून ठेवल्यासारखे.

"आपण निघू या का?" मी काकांच्या कानाशी म्हटलं. "मला हे बरं वाटत नाही."

"गाणं कबूल केलंय तू," काका म्हणाले. रागाने नाही, थकल्यासारखे. त्यांनी कॅसेट काढली, त्या जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली, वायर जोडली. मग माझ्याकडे बघितलं. "बघ आता तोंडाकडे."

मी बघत राहिले. म्हणून मला दिसलं.

गाणं सुरू झालं. ती दोघं मधोमध आली आणि नाचायला लागली. नाच कसला, आमचाच फोटो होता तो. तसाच हात, तशीच वळणं, मी वळताना अडखळले होते तिथे ती अडखळली. पण मी त्यांच्याकडे ओझरतं बघत होते. मी बघत होते काकांच्या चेहऱ्याकडे. आधी त्यावर नेहमीचं होतं, हे गाणं लागलं की येतं ते. डोळे जरा बारीक, ओठ जरा हलणारे. मग ते हळूहळू ओसरायला लागलं. घरातले एकेक दिवे कुणीतरी मालवत जावं तसं. ओळख गेली, माया गेली, माझ्यावरचा रागसुद्धा गेला. गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा काका माझ्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत मी कुणीच नव्हते.

"अरे…" मी म्हटलं. "अरे, काय होतंय तुला…"

आणि तेवढ्यात हाक आली. "सोन्या, ये रे जेवायला… गार होतंय…"

ती स्पीकरमधून आली नाही. पुढच्या रांगेतून आली.

मी तिकडे बघितलं नाही. बघायला मान वळेचना. मी वाट बघत होते ती त्या फुटक्या आवाजातल्या "दोन मिनिटं"ची. म्हटलं, ते आलं की सगळं ठीक होईल. ते आलं नाही. टेप नुसतीच खरखरली. आणि नाचता नाचता, मुलीच्या खांद्यावरून, तो मुलगा म्हणाला, "आलो, आई."

मी टेपरेकॉर्डरवर झडपच घातली. खटकन बटण दाबलं आणि वायर ओढून काढली. ट्यूबलाईट एकदा लुकलुकली आणि पुन्हा लागली.

शांततेत सगळे पाहुणे एकदम उभे राहिले. आणि पायांखालून, सगळ्या हॉलभरातून, एक आवाज आला. कागद चुरगळल्याचा. प्रत्येकाच्या बुटातून.

मुलगी मधोमध एकटीच उभी होती. मुलगा कुठे दिसत नव्हता. ती जवळ आली. "अर्धंच झालं?" तिने विचारलं. मग माझ्या खांद्यावरून काकांकडे बघत, अगदी समजुतीने म्हणाली, "हरकत नाही. आम्ही सगळं हप्त्यानेच घेतो."

मी कॅसेट छातीशी धरली आणि काकांचा हात धरून त्यांना जिन्याकडे ओढलं. सामान तिथेच टाकलं. दुसऱ्या दिवशी राखणदार ते खाली आणून ठेवायला तयार झाला, पण वर काय होतं ते मी विचारलं तर म्हणाला, "बाई, वर तर खुर्च्याच नाहीत."

पण हे नंतरचं. मी त्यांना जिन्यावरून उतरवत होते तेव्हाची गोष्ट सांगते. मी पुढे, ते मागे. अंधारात त्यांची पावलं ऐकू येत होती. फटक्… फटक्…

तेच बूट गं. गेली कित्येक वर्षं घालतात तेच, पायाला अगदी बसलेले. घरी आल्यावर त्यांनी ते दारात काढले आणि वर्तमानपत्र मागितलं. मला वाटलं, वाचायला.

तेव्हापासून घरात सगळं सुरळीत आहे. ते वेळेवर उठतात, वेळेवर जेवतात. गाणीही बरी वाजवतात. मान कलते, पण उजवीकडे. मी परवा नवी वायर घेऊ या म्हटलं, तर म्हणाले, "नवी कशाला? वापरलेलं चालेल." ज्या माणसाला नव्या वायरींचा वाससुद्धा आवडायचा, तो हे म्हणाला. एकदा दुपारी ते इथे आडवे झाले होते. मी जवळ जाऊन अगदी हळू म्हटलं, "सोन्या, ये रे जेवायला." मनात देवाची प्रार्थना करत होते, दोन मिनिटं म्हण, दोन मिनिटं म्हण. त्यांनी डोळे न उघडता म्हटलं, "आलो."

मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदराचा बोळा घालून रडले. माझा नवरा त्या हॉलमध्येच राहिला, आणि शेवटी मी त्याच्याकडे कशा नजरेने बघत होते, ते त्याला दिसत होतं. हे मला कशानेही भरून काढता येत नाही.

आणि आता ते रोज विचारतात, प्रेमाने विचारतात, "आपलं ते गाणं कुठे ठेवलंयस? एकदा पुरतं ऐकू या ना." इतक्या वर्षांत काकांनी वाढदिवसाशिवाय ते कधी मागितलं नव्हतं. आणि फोनही येतो, दुपारचा. मागे रस्ता नाही, माणसं नाहीत. कट्… कट्… आणि ती विचारते, "राहिलेलं कधी?" मी उत्तर देत नाही. पण किती दिवस देणार नाही? म्हणून तुला बोलावलं. तुझं लग्न झालेलं नाही, तुझ्याकडून नेण्यासारखं त्यांना काही नाही. मागे नुसता पंखा ऐकू आला की फोन ठेवून दे. वरून काय हवं असं विचारू नकोस, आणि काहीही झालं तरी 'दिलं' म्हणू नकोस.

कॅसेट मी अंगावेगळी करत नाही. दिवसा पर्समध्ये, झोपताना उशीखाली. ही बघ, दिव्यापाशी धर. त्या दिवशी मी ती बरोबर मध्यावर थांबवली होती. दोन्ही चाकांवर सारखी टेप होती, रोज बघत होते मी.

आज सकाळी बघितलं तर अशी. सगळी टेप एकाच बाजूला. शेवटपर्यंत वाजलेली.

मी वाजवली नाही. घरात कुठलं गाणंही ऐकलं नाही. रात्री झोप मात्र छान लागली, बऱ्याच दिवसांनी.

असं काय बघतेस? मघाशी पाण्याला उठले तेव्हाही तू माझ्या पायांकडेच बघत होतीस. चपला जुन्या आहेत गं, सैल पडतात, म्हणून वाजतात. मी तुझी मावशीच आहे. खरं वाटत नसेल तर विचार काहीही. तू लहान असताना मी तुला काय म्हणून हाक मारायचे, ते विचार. विचार ना…

थांब, सांगते. आलंच होतं ओठांवर…

तो दिवा जरा लांब कर. आठवेल मला.